'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३' : शेवट मुलांना आधी सांगावा का?

रानजाई

लेक दहा वर्षांची आहे. शाळेच्या ग्रंथालयातून तिने ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची ही कादंबरी आणली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. जेवताना हसते, दात घासताना हसते, मध्येच 'आई, हे ऐक ना' करत स्वयंपाकघरात येते. परवा आली ती बायरनची गोष्ट घेऊन. हा थोरला भाऊ कडाक्याच्या थंडीत गाडीच्या आरशात स्वतःचा मुका घ्यायला जातो आणि ओठ आरशालाच चिकटतात. सगळं घर बाहेर येतं, बाबांना हसू आवरत नाही, आणि शेवटी आई एक हिसडा देऊन त्याला सोडवते. लेकीला हसून हसून ठसका लागला.

ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे गोष्ट उघड होते.

मी तिच्या आधी पुस्तक संपवलं. मिशिगनमधल्या फ्लिंट गावचं हे कृष्णवर्णीय कुटुंब. दहा वर्षांचा केनी गोष्ट सांगतो. तेरा वर्षांचा बायरन, धाकटी जोएटा, आई विलोना, बाबा डॅनियल. बायरन हाताबाहेर चाललाय म्हणून त्याला उन्हाळ्यात अलाबामातल्या आजीकडे ठेवायचं ठरतं आणि सगळे जुन्या १९४८ च्या प्लिमथ गाडीतून बर्मिंगहॅमला निघतात. तिथे एका रविवारी चर्चमध्ये बॉम्ब फुटतो, आणि जोएटा त्याच चर्चमध्ये गेलेली असते. गोष्ट काल्पनिक आहे पण बॉम्ब खरा आहे. १५ सप्टेंबर १९६३, सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. चार मुली गेल्या.

लेकीला यातलं काहीही माहीत नाही. ती एक विनोदी प्रवासवर्णन वाचते आहे. आम्ही फ्लिंटपासून तासाभरावर राहतो, त्यामुळे तिला तर हे शेजारचंच कुटुंब वाटतंय. आधी सांगू की तिचं तिला कळू दे? तुम्ही काय केलं असतं?

चकली

सांगू नकोस गं. लेखकाने क्रम विचार करूनच लावला असणार. आपण मध्ये का पडायचं?

आडवाटेचा_प्रवासी

चकली, असहमत. अमेरिकेत वाढलेल्या मोठ्या माणसाला 'बर्मिंगहॅम' आणि '१९६३' शेजारी शेजारी दिसले की पुढे काय आहे ते मुखपृष्ठावरच कळतं. आपल्याकडे कुणी 'आम्ही अमृतसरला गेलो – १९१९' असं नाव दिलं तर आपण पहिल्या पानापासून श्वास रोखूनच वाचू. म्हणजे लेखकाने काहीही लपवलेलं नाही, शीर्षकातच सांगितलंय. रानजाईंच्या लेकीला फक्त ते शीर्षक वाचता येत नाही. तेवढं वाचायला शिकवणं म्हणजे रसभंग नव्हे.

माझ्या मुलाने हे पुस्तक काहीच न सांगता वाचलं होतं आणि नंतर बरेच दिवस तो खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचा. सांगायला हवं होतं असं बायकोचं ठाम मत आहे, आणि माझंही.

मेथीची_जुडी

आडवाटेचा_प्रवासी +१. अमृतसरचं उदाहरण नेमकं.

वाचनवेडा

या पुस्तकामागची हकीकत मला पुस्तकाइतकीच आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्टिस स्वतः फ्लिंटचेच, जन्म १९५३. शाळा संपल्यावर ते फिशर बॉडी प्लांट नंबर १ मध्ये लागले आणि १३ वर्षं मोटारींना दारं बसवत राहिले. हा तोच कारखाना, जिथे १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगारांनी आत ठाण मांडून ४४ दिवस संप केला आणि जनरल मोटर्सला संघटनेशी करार करायला लावला. दारं बसवणाऱ्या जोडीने आपापसात वाटणी केली होती. अर्धा तास एकाने येईल त्या प्रत्येक गाडीला दार लावायचं, तेवढा वेळ दुसरा मोकळा. कर्टिस त्या मोकळ्या अर्ध्या तासात लिहीत बसत. पुढे बायकोने सांगितलं, वर्षभर नोकरी सोड आणि लिही, घर मी बघते. मग डेट्रॉइट नदीपलीकडच्या, कॅनडातल्या विंडसर गावच्या ग्रंथालयात, लहान मुलांच्या विभागात बसून त्यांनी ही कादंबरी हाताने लिहिली. रात्री मुलगा ती संगणकावर टंकायचा. १९९५ मध्ये पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी सन्मान, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा मान, मिळाला.

रानजाईंच्या प्रश्नाशी संबंधित भाग पुढे आहे. आधी हे कुटुंब बर्मिंगहॅमला जाणारच नव्हतं, फ्लोरिडाला जाणार होतं. फ्लोरिडाला पोचल्यावर गोष्ट अडली. त्याच सुमारास मुलाने शाळेतून एक कविता घरी आणली, डडली रँडल यांची 'बॅलड ऑफ बर्मिंगहॅम'. त्या कवितेत छोटी मुलगी आईला विचारते, मोर्चाला जाऊ का? आई म्हणते नको, तिथे कुत्रे आहेत, बंदुका आहेत, तू आपली चर्चमध्ये जा. आई तिचे केस विंचरते, पांढरे बूट घालून देते. आणि शेवटी ढिगाऱ्यात आईला एक बूट सापडतो. कर्टिसनी कविता ऐकली आणि गाडी बर्मिंगहॅमकडे वळवली. केनीला चर्चमध्ये सापडणारा बूट तिथून आलेला आहे.

म्हणजे लेखकाला शेवट माहीत नव्हता तेव्हाच हे कुटुंब हसतं-खेळतं उभं राहिलं होतं. पूर्वार्धातलं हसू मला म्हणूनच खरं वाटतं. पुढच्या धक्क्याची तयारी म्हणून ते लिहिलेलं नाही.

कोकणी_मेवा

वाचनवेडा, सुरेख लिहिलंत. मुलाने बापाचं हस्तलिखित टंकणं! माझा मुलगा मला पासवर्ड टाकून द्यायचा म्हटलं तरी आढेवेढे घेतो :-)

मी जरा आडवळणाने जातो. त्या बाबांनी प्रवासासाठी गाडीत रेकॉर्ड प्लेअर बसवून घेतलाय, तो प्रसंग वाचून मी तर खल्लास. चालत्या गाडीत तबकडी! खरंच होतं का असं काही?

टपालवाला

होतं. क्रायस्लरने १९५६ च्या मॉडेलांत 'हायवे हाय-फाय' नावाने डॅशबोर्डखाली रेकॉर्ड प्लेअर दिला होता. खड्ड्यातही सुई उडू नये म्हणून तबकडी नेहमीपेक्षा बरीच सावकाश फिरायची. फार चालला नाही तो प्रकार. पण वॉटसनांकडची गाडी पंधरा वर्षं जुनी आणि तिच्यात हे नवं यंत्र, वर आरशाला टांगलेलं वासाचं पाइनचं झाड. बाबा ते सगळं पोरांना विक्रेत्याच्या थाटात दाखवतात. गाडीवरचं प्रेम कळतं.

गाडीला घरचं नाव आहे 'ब्राउन बॉम्बर'. रंग तपकिरी हे एक कारण, पण ही पदवी मुष्टियोद्धा जो लुईसची. तो जन्मला अलाबामात आणि वाढला डेट्रॉइटमध्ये. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं उत्तरेत आणि पश्चिमेत गेली, त्या लोंढ्यातलंच लुईसचं कुटुंब. केनीची आईही अलाबामाची. त्या नावाची गाडी आता उलट दिशेने निघाली आहे.

चकली

गाडीवरून आठवलं. आमचे बाबा 'पुढच्या हॉटेलात थांबू' म्हणत म्हणत कोल्हापूर ते मुंबई न थांबता आणायचे. पुढचं हॉटेल कधी आलंच नाही. आम्ही मागच्या सीटवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात आयुष्य काढलं.

कोकणी_मेवा

चकली, सगळे बाबा एकाच कारखान्यात बनलेत. आणि 'बाटली आहे ना, मग थांबायचं कशाला' हे वाक्य?

चकली

ते तर घराच्या दारावर लिहायला हवं होतं :-)

मनस्विनी

चकली आणि कोकणी_मेवा, तुमची गंमत वाचताना मला कादंबरीतली आईची वही आठवली. या पुस्तकात इतिहास कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी त्या वहीकडे बोट दाखवीन. बॉम्बकडे नंतर.

विलोनाने प्रवासाची वही केली आहे. तिच्यावर शीर्षक घातलंय 'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३'. कादंबरीचं नाव आहे ते या वहीचं नाव! कुठल्या दिवशी किती अंतर, मुक्काम कुठे, काय खायचं, किती खर्च, सगळं तिने आखलंय. पोरांना ती आईची नेहमीची काटेकोर सवय वाटते. वहीतला प्रवास तीन दिवसांचा, पण बाबांना झोपच येत नाही आणि ते गाडी दामटत राहतात. तेही पोरांना गमतीचंच वाटतं.

पण १९६३ साली दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबाला कुठल्याही मोटेलात शिरून खोली मागता येत नव्हती. कुठल्याही पंपावर संडास वापरता येत नव्हता. सार्वजनिक जागी वंशावरून कुणाला अडवायचं नाही हा कायदा २ जुलै १९६४ ला झाला, म्हणजे या प्रवासानंतर. तुमचे बाबा थांबायचे नाहीत कारण त्यांना थांबायचं नव्हतं. त्या काळातली कितीतरी कुटुंबं थांबायची नाहीत कारण थांबू देत नव्हते. वही, डबे, सरळ अठरा-वीस तास गाडी चालवणं, हे सगळं दहा वर्षांच्या केनीच्या नजरेतून आपल्या घरातल्या गमतींसारखं दिसतं. मोठा वाचक तेच पान वाचतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. एकाच पानात दोन वयांच्या वाचकांना दोन गोष्टी सांगणं मला फार मोठं काम वाटतं.

टपालवाला

मनस्विनी, अगदी. याच्याशी जोडूनच 'ग्रीन बुक'. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्युगो ग्रीन यांनी १९३६ पासून ही पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठल्या गावात कुठलं घर मुक्कामाला जागा देईल, कुठे जेवण मिळेल, कुठला न्हावी केस कापेल, कुठल्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त होईल, याची गावोगावची यादी. एसो कंपनीच्या पंपांवर ती विकायला असे. पोस्टमन असल्यामुळे इतर गावांच्या पोस्टमन मंडळींकडून पत्ते गोळा करणं त्यांना सोपं गेलं. ही पुस्तिका छापायची गरजच उरणार नाही असा दिवस येवो, असं त्यांनी स्वतःच आत लिहून ठेवलं होतं. ते १९६० मध्ये वारले, कायदा त्यांना बघायला मिळाला नाही.

माझं हे टोपणनाव त्यांच्यावरूनच घेतलंय.

उंबरठा

मी डेट्रॉइटहून बर्मिंगहॅमला कामानिमित्त गाडीने गेलो आहे. आय-७५ महामार्गाने सरळ दक्षिणेला. टोलेडो, डेटन, सिनसिनाटी, मग ओहायो नदी ओलांडली की केंटकी. आज त्या पुलावर काहीही वेगळं जाणवत नाही, तीच दुकानं, तेच फलक. पण गुलामगिरीच्या काळात ही नदी म्हणजे मुक्त आणि गुलाम राज्यांमधली हद्द होती. पुढे केंटकी-टेनेसीत डोंगर लागतात आणि रात्री तिथे खरोखर किर्र काळोख असतो. कादंबरीत पोरं त्या काळोखात गाडीतून उतरतात तो प्रसंग मी हॉटेलात त्याच रात्री परत वाचला. कुणाच्या बापाला न घाबरणारा बायरनसुद्धा तिथे घाबरतो. इथले गोरे आपल्याला धरून झाडाला टांगतील, असं तो केनीला सांगतो. लेखकाने तिथे एकही दुष्ट माणूस आणलेला नाही. नुसता अंधार आहे आणि पोरांना ऐकून माहीत असलेलं काहीतरी.

तात्या_मिरजकर

सगळे कौतुक करताहेत तर मी विरोधी बाकावर बसतो.

पुस्तक चांगलं आहे, पण ऐतिहासिक कादंबरी म्हणून मला ते अपुरं वाटतं. कुटुंब बर्मिंगहॅमला पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पुस्तक संपलेलं असतं. आणि पोचल्यावर काय? उकाडा, आजी, एक तळं, मग बॉम्ब. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच शहरात हजारो शाळकरी पोरं वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. पोलीस आयुक्त बुल कॉनरने त्यांच्यावर आगीच्या बंबांचे फवारे आणि कुत्रे सोडले, तुरुंग भरून गेले. केनीच्या वयाची पोरं होती त्यात! ती पोरं या पुस्तकात नाहीत. ज्या चर्चमधून ते मोर्चे निघत होते त्याच चर्चमध्ये बॉम्ब ठेवला गेला, हा संबंध मुलांना कळला नाही तर बॉम्ब म्हणजे आभाळातून पडलेली आपत्ती वाटेल. ती आपत्ती नव्हती, सूड होता. लढणारी माणसं गाळली की उरतात फक्त मरणारी माणसं. मुलांच्या पुस्तकात हे मला खटकतं.

वाचनवेडा

तात्या, मुद्दा वजनदार आहे. पण लेखकाने पुस्तकाच्या शेवटी वेगळं टिपण जोडलंय, त्यात चळवळीबद्दल लिहिलंय आणि पुस्तक त्या चार मुलींच्या स्मृतीला अर्पण केलंय.

तात्या_मिरजकर

टिपण मुलं वाचत नाहीत हो. गोष्ट वाचतात.

मनस्विनी

तात्या, मुलाच्या नजरेतून सांगायचं ठरवलं की हे होणारच. सुट्टीत आजीकडे आलेल्या फ्लिंटच्या पोराला मे महिन्यातले मोर्चे कुठून दिसणार?

तात्या_मिरजकर

आजीच्या स्वयंपाकघरात! १९६३ च्या बर्मिंगहॅममध्ये कुठलीही आजी त्याबद्दल बोलल्याशिवाय राहिली असती? १९४७ पासून तिथे कृष्णवर्णीयांच्या घरांवर, चर्चवर इतके बॉम्ब पडले होते की लोक शहराला 'बॉम्बिंगहॅम' म्हणत. दोन-चार पानं आजीच्या तोंडी घातली असती तरी माझं समाधान झालं असतं. कथेचा भंग न होता.

भीमथडी

तात्यांशी बराचसा सहमत. तरी मला या पुस्तकाचा प्रवासच जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण साताऱ्यात आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधली पहिलीच आठवण घ्या. साल १९०१, ते स्वतः नऊ-दहा वर्षांचे, केनीच्याच वयाचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार, तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदणं चालू होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत या, असं वडिलांनी मुलांना बोलावलं. भीमराव, त्यांचा भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीचे दोन मुलगे अशी चौघं निघाली. आगगाडी कुणीच पाहिलेली नव्हती! नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. त्या तयारीचं वर्णन बाबासाहेबांनी इतकं मन लावून केलंय की वाचताना आपणही त्या पोरांबरोबर नटतो.

मसूर स्टेशनवर उतरले तर घ्यायला कुणी नाही. पत्र वडिलांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. स्टेशनमास्तर चौकशी करायला आला, पोरांचे कपडे बघून ब्राह्मणाची समजला. तुम्ही कोण? पोरांनी सरळ सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. बैलगाड्या होत्या पण कुणी न्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार या अटीवर. डब्यात खाणं भरपूर होतं, पाणी नव्हतं. टोलनाक्यावर पाणी मागितलं, मुसलमान आहोत असं खोटं सांगूनही मिळालं नाही. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

मनस्विनींनी वहीबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. माझे आजोबा प्रवासाला निघताना आधी पाण्याचा तांब्या भरायचे, मग बाकीचं सामान. आम्ही पोरं चिडवायचो. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि आम्ही मोठे होईपर्यंत विचारलं नाही.

माझ्या मुलीने वॉटसन वाचल्यावर मी तिच्या हातात मसूरची आठवण दिली. आधी दिली असती तर तिने कर्तव्य म्हणून वाचली असती. केनीमुळे तिला त्या चार पोरांच्या नव्या टोप्या दिसल्या.

चाफा

भीमथडी, हे शाळेत वाचलं होतं की नाही आठवत नाही, आज मात्र वाचताना घसा दाटला. धन्यवाद.

उंबरठा

दोन्ही इतिहासांत फरक खूप आहेत, सरसकट एक करू नयेत असं मला वाटतं. पण नातं ओढूनताणून आणलेलं नाही हेही खरं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तेव्हा मराठी घरात हे पुस्तक वाचलं जाणं मला स्वाभाविकच वाटतं.

शाळेची_घंटा

मी शिक्षिका आहे, पाचवी-सहावीच्या मुलांना हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा मूळ प्रश्नाकडे येते.

मुलांना विनोदी प्रकरणांत काय आवडतं ते पाहा. काड्या पेटवून खेळणाऱ्या बायरनला आई शिक्षा म्हणून बोटाला चटका द्यायला निघते, आणि छोटी जोएटा दर वेळी मध्ये घुसून काडी फुंकून विझवते. पुन्हा काडी, पुन्हा फुंकर. वर्ग खदाखदा हसतो. पण त्या हसण्यातून जोएटा त्यांची होते. म्हणून पुढे केनी चर्चकडे चालत जातो तेव्हा वर्गात कुणी चुळबुळ करत नाही.

आणि शेवट म्हणजे बॉम्ब नव्हे, हे इथे कुणी सांगितलं नाही! जोएटा वाचते. चर्चमध्ये उकडतं म्हणून ती आधीच बाहेर आलेली असते. त्यानंतर सगळे फ्लिंटला परततात आणि केनी सोफ्यामागच्या फटीत जाऊन बसायला लागतो. घरातली आजारी कुत्री-मांजरं बरी होण्यासाठी त्याच जागी जाऊन पडायची, म्हणून पोरांनी तिला इस्पितळ ठरवलेलं. तिथून त्याला बाहेर काढतो कोण, तर बायरन! ज्याला सुधारायला हा सगळा प्रवास केला तो. तो काही उपदेश करत नाही. आधी सोफ्याजवळ नुसता बसून राहतो, खाणं आणतो. केनी विचारतो, त्या माणसांनी असं का केलं? बायरनला उत्तर येत नाही आणि तो तसं सांगतो. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चर्चा या पानांवर होते, कारण मोठ्या भावालाही उत्तर येत नाही हे मुलांना पटतं.

माझा सल्ला असा : घटना सांगा, गोष्ट सांगू नका. 'त्या वर्षी त्या गावात एका चर्चमध्ये खरंच बॉम्ब फुटला होता, या पुस्तकात तो येणार आहे.' बस. जोएटाचं काय होतं ते तिला पुस्तकातच कळू दे. आणि केनी सोफ्यामागे जाईल त्या दिवशी घरी थांबा. पुस्तक तिथे सोडून मुलांनी उठून जाऊ नये.

आडवाटेचा_प्रवासी

घंटाबाई, माझ्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. बॉम्बचं प्रकरण वाचून त्याने पुस्तक मिटलं ते मिटलंच. सोफ्यापर्यंत पोचलाच नाही. आता कॉलेजात आहे, पण त्याला हा धागा पाठवतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. किती गोष्टी कळल्या.

शाळेची_घंटा यांनी सांगितलं तसंच केलं. शनिवारी दुपारी तिला सांगितलं, तारीख सांगितली, चार मुलींची नावं सांगितली. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर अकरा. ती म्हणाली, म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठी. मग बराच वेळ काही बोलली नाही. पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसली आणि सलग शेवटपर्यंत वाचलं. जोएटा खोलीत येते तिथे तिने माझा हात घट्ट धरला.

संपल्यावर मात्र ती मागे गेली. प्रवासाचं प्रकरण पुन्हा काढलं आणि विचारलं, आई, त्या आईने प्रत्येक थांबा आधी लिहून का ठेवला होता? मनस्विनी, तुमची प्रतिक्रिया मी तिला मोबाइलवर वाचून दाखवली, टपालवाल्यांचीही. आता तिला ग्रीन बुक बघायचं आहे, आणि त्यात फ्लिंट आहे का हेही.

दुसरा प्रश्न तिने असा विचारला की ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांना पकडलं का. त्याचं उत्तर मला अर्धवटच देता आलं. कुणी सांगेल का?

तात्या_मिरजकर

सांगतो, आणि हे मुलीला नक्की सांगा. संशयित कोण हे तपास यंत्रणेला फार लवकर कळलं होतं. चौघेही कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेचे. तरी पहिली शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, रॉबर्ट चॅम्ब्लिसला. थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये, बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये. चौथा हर्मन कॅश १९९४ मध्ये वारला, त्याच्यावर खटलाच झाला नाही. ॲडी मे हिची धाकटी बहीण सेरा त्या स्फोटातून वाचली, तिचा एक डोळा गेला. आणि त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये दोन मुलगेही मारले गेले, जॉनी रॉबिन्सन १६ वर्षांचा आणि व्हर्जिल वेअर १३ वर्षांचा. त्यांची नावं सहसा घेतली जात नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. व्हर्जिल भावाच्या सायकलच्या हँडलवर बसून चालला होता. वय बायरनएवढंच.

तुमच्या लेकीने 'का' च्या पुढे जाऊन 'मग काय केलं' विचारलं, याचा मला फार आनंद झाला.

टपालवाला

रानजाई, ग्रीन बुकचे बरेचसे अंक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने महाजालावर फुकट ठेवले आहेत. राज्य, मग गाव अशी मांडणी असते. मिशिगन काढा आणि लेकीलाच शोधू द्या. नंतर अलाबामा काढा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा.

चाफा

भीमथडी, मसूरची ती आठवण मुलांना वाचायला द्यायची आहे. कुठे मिळेल?

भीमथडी

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालेत, खंड १२. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत हे खंड असतात. आठवण छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. दहा वर्षांच्या मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी बसून वाचा. टोलनाक्यापाशी ते प्रश्न विचारतातच.